काळ्या मांजरीचा चाकू: जुना शोधावा की नवा घ्यावा?

तरुणपणी वापरलेला जर्मन घडीचा चाकू पुन्हा हवाय, पण नाव आठवत नाही? मग आधी मूठ आठवा. काळी, सपाट, पत्र्याची मूठ, तिच्यावर झेप घेणारी मांजर आणि ‘के५५के’ अशी अक्षरं असतील, तर तो झोलिंगन या चाकूंसाठी प्रसिद्ध जर्मन शहरातला मर्काटोर. मूठ लाकडी, तिच्यात धातूचे चंद्र-तारे, मागे कडी आणि उघडताना कट्-कट् आवाज, तर तो ओकापी. तोही मूळचा जर्मन, १९०२ पासूनचा. १९८८ पासून मात्र त्याचं उत्पादन दक्षिण आफ्रिकेत गेलं.

मर्काटोरच असेल, तर खरा पेच पुढे आहे. पूर्वी तो हाइनरिश काउफमान यांचा कारखाना बनवायचा. तो बंद झाला आणि आता हाच चाकू झोलिंगनमध्येच ऑटर-मेसर ही कंपनी बनवते. झोलिंगन हे नाव पात्यावर कुणी घालावं, यावर जर्मनीत १९३८ पासून कायदा आहे, त्यामुळे नव्याला नक्कल समजू नका. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पाठीवरचा खटका, खिशात न फुगणारी जाडी, सगळं तेच. पातं साध्या कार्बन पोलादाचं किंवा स्टेनलेस, दोन्ही मिळतं. जुन्याची आठवण असेल तर कार्बनच घ्या. लिंबू कापलं की ते काळवंडतं, ओलं राहिलं की गंजतं, पण धार झटकन लागते.

जुना घेताना मुठीचा रंग उडालाय म्हणून मागे हटू नका. नव्याने रंगवलेली मूठ उलट संशयाची. पाहायचं ते पातं. वर्षानुवर्षं घासून अरुंद झालेलं, टोक मोडून पुन्हा घडवलेलं पातं परत रुंद होत नाही. उघडून आडवं हलवून बघा: रिव्हेट सैल असेल तर पातं डुलतं, आणि खटका नीट धरत नसेल तर बोटाला धोका. मुठीच्या आतला गंजही बघा, त्या अरुंद खाचेत हात पोचत नाही. दुरून घेत असाल तर बंद आणि उघडा, दोन्ही स्थितींतले फोटो मागा. ‘वेस्ट जर्मनी’ असा शिक्का असेल तर चाकू साधारण १९४९ ते १९९० मधला. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर तेवढ्यावरून तो युद्धापूर्वीचा ठरत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

रोज फळं, दोरी, खोकी कापायची असतील तर नवा घ्या, असं मी ठामपणे सांगेन. जुना घ्यावा तो तुमच्या तरुणपणीचाच चाकू हवा असेल तर, आणि मग रुंद पात्याचा मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. जर्मनीतून कुणी आणणार असेल, तर तो विमानात चेक-इन सामानातच टाकायला सांगा.