सायप्रसच्या किनाऱ्यावर फ्लॅट घेताय? आधी हे वाचा

मर्चंट नेव्हीतल्या सगळ्यांनी, आणि खास करून ज्यांच्या कंपनीचं ऑफिस दक्षिण सायप्रसमधल्या लिमासोलला आहे त्यांनी हे वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या, कारण सायप्रसचे फ्लॅट विकणारे हे एजंट लोक आपण जहाजावर असताना आधी घरच्यांना गाठतात.

मी कंटेनर जहाजांवर चीफ ऑफिसर आहे. सेलिंग सोडल्यावर बाहेर कुठेतरी समुद्राकाठी सेटल व्हायचं हे आम्हा नवराबायकोचं बऱ्याच वर्षांपासून ठरलेलं, आणि लिमासोल मला मनापासून आवडलेलं. शिप मॅनेजमेंटच्या कंपन्या तिथे भरपूर, म्हणजे किनाऱ्यावरची नोकरी मिळायचा चान्स, इंग्रजीवर काम चालतं, हवा छान. अडचण एकच, घर घेऊन परमनंट रेसिडेन्सी हवी तर नवीन घर कमीत कमी तीन लाख युरोचं, वर व्हॅट वेगळा, आणि तेवढं आमच्या आवाक्यात नव्हतं.

नेमकं तेव्हाच नवी मुंबईत एका हॉटेलात खलाशी आणि ऑफिसर लोकांसाठी सेमिनार होता. एजंट आपलाच माणूस, स्वतः आधी जहाजावर होता असं सांगणारा, मालवणीत बोलणारा, बायकोला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणून हाक. "वहिनी, मुलांच्या शाळेचं टेन्शन सोडा, तिकडे युरोपियन शिक्षण" वगैरे. लिमासोलच्या अर्ध्याहून कमी किमतीत समुद्रासमोर टू बीएचके, बिनव्याजी हप्ते, वर रेसिडेन्सी. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात सायप्रस, आत इस्केलेच्या लाँग बीचचे फोटो, आणि अख्खं बेट एकाच रंगात छापलेला नकाशा. मी विचारलं की सायप्रसला २००८ पासून युरो आहे मग किंमत पाउंडात का, तर उत्तर तयार होतं, १९६० पर्यंत तिथे ब्रिटिशांचं राज्य होतं आणि त्यांचे बेस अजून आहेत म्हणून प्रॉपर्टी पाउंडातच चालते. पहिला भाग खरा आहे, दुसरा थापा. पाउंडात भाव सांगतात ते उत्तरेकडच्या भागात, आणि इस्केले त्याच भागात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुलै १९७४ मध्ये तुर्कीचं सैन्य बेटावर उतरलं तेव्हापासून बेटाचे दोन तुकडे आहेत, मधे यूएनचा बफर झोन. दक्षिणेचं सरकार युरोपियन युनियनमध्ये आहे. उत्तरेने १९८३ मध्ये स्वतःचं वेगळं राष्ट्र जाहीर केलं पण त्याला तुर्की सोडून कोणी मान्यता देत नाही, भारतही नाही. उत्तरेतून पळून जावं लागलेल्या ग्रीक सायप्रियट लोकांच्या जमिनी तिथेच राहिल्या आणि त्यातल्या कितीतरी जमिनींवर आज टॉवर उभे आहेत. सेमिनारमध्ये यातला एक शब्दही नाही.

आम्ही रिझर्व्हेशन फॉर्म भरला, बुकिंग आणि सुरुवातीचे हप्ते माझ्या एनआरई अकाउंटमधून दुबईच्या एका कंपनीच्या खात्यात गेले. पूर्ण अ‍ॅग्रीमेंट मात्र "वकिलाकडे आहे" करत लांबवलं आणि मी साइन ऑन करून निघाल्यावर पीडीएफ आली. शेवटच्या पानावर शिक्क्याच्या खाली बारीक अक्षरात पत्ता, इस्केले, मर्सिन १०, तुर्की. मर्सिन तुर्कीच्या किनाऱ्यावरचं बंदर आहे, तिथे मी कंटेनर उतरवलेत, बेटापासून ते समुद्रापलीकडे आहे. उत्तर सायप्रसला जगातलं पोस्ट मान्य करत नाही म्हणून सगळी पत्रं मर्सिन १० या पत्त्याने तुर्कीमार्फत जातात, हे मला नंतर कळलं, पण तो पत्ता बघूनच पोटात गोळा आला.

ऑफिसमधल्या एका सायप्रियट सुपरिंटेंडेंटना पीडीएफ पाठवली. त्यांचं स्वतःचं घर उत्तरेतल्या फामागुस्ताला राहिलेलं. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक सेलरने ऐकायला हवं. इस्केलेचं जुनं नाव त्रिकोमो, आणि त्या जमिनीला ७४ च्या आधीचा मालक आहे का हे बघितल्याशिवाय तिथे एक पैसा टाकायचा नाही. मूळ मालकाच्या परवानगीशिवाय अशी प्रॉपर्टी विकणं, घेणं, तिची जाहिरात करणं हा दक्षिणेच्या कायद्यात गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि २०२४ पासून खरंच अटका झाल्यात. ऑरम्स केसमध्ये एका ब्रिटिश जोडप्याने उत्तरेतल्या लापिथोसला घर बांधलं होतं, मूळ मालक कोर्टात गेला आणि २००९ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की सायप्रसच्या कोर्टाचा निकाल इंग्लंडमध्येही बजावता येतो.

आता आपल्या धंद्याच्या नजरेने बघा. फामागुस्ता आणि किरेनिया ही बंदरं सायप्रस सरकारने १९७४ पासूनच बंद जाहीर केलीयत, तिथे जहाज नेलं तर कॅप्टनवर केस होऊ शकते. उत्तरेतल्या एर्जान एअरपोर्टवरून येणं त्यांच्या हिशोबी बेकायदेशीर एंट्री, आणि उत्तरेच्या रेसिडेन्सी कार्डावर लिमासोलला राहता येत नाही, नोकरी तर लांबच. ज्याचं जॉइनिंग दक्षिणेतल्या लार्नाकाहून होतं, ज्याचं जहाज रॉटरडॅमला लागतं, त्याच्या नावावर असा गुन्हा नोंदला गेला तर फ्लॅट जाऊ दे, सीडीसीचं (खलाशाच्या सरकारी नोंद-पुस्तकाचं) आणि करिअरचं काय? माझी झोप उडाली ती पैशापेक्षा याने.

एजंटला फोन केला तर म्हणतो सर एकच बेट आहे, सेटलमेंट होणारच, झाली की भाव तिप्पट. २००४ मध्ये बेट एकत्र करण्यावर सार्वमत झालं, ग्रीक बाजूने नाही म्हटलं, तेव्हापासून ही सेटलमेंट होतच आहे. पैसे परत मागितले तर फॉर्ममधलं कलम दाखवलं, वाद झाला तर उत्तरेच्या कोर्टात. वकीलही बिल्डरनेच दिलेला. आता वहिनीचा फोनही उचलत नाही.

आम्ही पोलिसांकडे लेखी तक्रार दिलीय. तो माणूस अजून सेमिनार घेतोय, हल्ली गोव्यातही. ज्यांनी नुसता फॉर्म भरलाय त्यांनी पुढचा हप्ता आजच थांबवा, बँकेचे सगळे रेमिटन्सचे कागद, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, ब्रोशर जपून ठेवा, आणि टायटल कुठलं आहे, ७४ च्या आधी जमीन कोणाच्या नावावर होती हे लेखी मागा. ते देत नसतील तर तुम्हीही तक्रार करा, एकापेक्षा जास्त तक्रारी गेल्या तर केस उभी राहायला मदत होईल असं आमचे वकील म्हणतायत.