बारा हप्ते भरले, तरी 7,590 रुपये बाकी: एका फायनान्स कंपनीच्या वसुलीचा अनुभव

मी मानेवाड्याला घरूनच डबे देते. सध्या 34 डबे आहेत. बहुतेक मेडिकलला शिकणारी मुलं आणि दोन-तीन म्हातारी जोडपी. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी आणलेली कोथिंबीर दुपारी हातात धरवत नाही, म्हणून ऑक्टोबर 2022 मध्ये सीताबर्डीच्या एका दुकानातून 36,000 चा डीप फ्रीझर घेतला. दुकानातच फायनान्स कंपनीचा मुलगा टेबल टाकून बसला होता. आधार, पॅन, पासबुक, मोबाइलवर ओटीपी, आणि वीस मिनिटांत कर्ज मंजूर. 3,000 चे 12 हप्ते, व्याज नाही. त्या मुलानं फॉर्म नीट समजावून सांगितला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना असे फोन येऊन राहिले आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, मग कंपनी कोणतीही असो.

हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला खात्यातून कापला जायचा. जून 2023 मध्ये मेसच्या पोरांचे पैसे उशिरा आले, खात्यात 2,640 च होते आणि हप्ता बाउन्स झाला. ती चूक माझीच. 7 तारखेला मी कंपनीच्याच अ‍ॅपवरून हप्ता आणि बाउन्सचे 590 मिळून 3,590 भरले. हिरवी टिक आली, स्क्रीनशॉट काढून ठेवला. ऑक्टोबरमध्ये शेवटचा हप्ता गेला. कर्ज संपलं असं मी धरून चालले. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं कंपनीचं पत्र, मागायला पाहिजे होती, ती मागितली नाही.

जानेवारी 2024 मध्ये पहिला फोन आला. "मॅडम, जूनचा हप्ता बाकी आहे." मी म्हटलं, भरला आहे, पावती पाठवते. समोरचा म्हणाला, पाठवा. पाठवली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून दुसऱ्या माणसाचा फोन, तेच बोलणं पहिल्यापासून. तो स्क्रीनशॉट मी महिन्याभरात नऊ जणांना पाठवला. कोणीही तो उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे फक्त यादी असते: नाव, नंबर, रक्कम. वसुलीची एजन्सी वेगळी, हिशेब ठेवणारे वेगळे. फोनवरच्या मुलाला खरं पटवून काहीच होत नाही, कारण त्याच्या हातात खातं बदलायची सोयच नसते. हे मला पंधरा दिवस आधी कळलं असतं तर माझा बराच घसा वाचला असता.

मग फोनची वेळ बदलली. सकाळी 7.10 ला, मी पोळ्या लाटत असताना. रात्री साडेनऊला. रक्कम फुगत फुगत 7,590 वर गेली: 3,000 हप्ता, 590 बाउन्स आणि महिन्याला 500 प्रमाणे आठ महिन्यांचा दंड. "पोलीस घेऊन येतो", "कॉलनीत बोर्ड लावतो" ही भाषा सुरू झाली. आणि एक दिवस वर्ध्याहून नणंदेचा फोन आला. ती रडत होती. "वहिनी, हे काय होऊन राहिलं? मले सकाळपासून पाच फोन आले, म्हणते तुमच्या वहिनीनं पैसे खाल्ले." फॉर्मवर ओळखीचा नंबर म्हणून मी तिचा दिला होता. ती जामीनदार नाही, तिची कुठे सही नाही. तिच्या घरी सासरे आजारी होते आणि फोन त्यांनीही उचलला होता. मला स्वतःला मिळालेल्या धमक्यांपेक्षा हे जास्त लागलं, अजूनही लागतं.

फेब्रुवारीत दोन मुलं मोटरसायकलवर घरी आली. दुपारी पाऊणची वेळ, ओट्यावर डबे भरून ठेवलेले, डबे नेणारा पोरगा दारात उभा. त्यातला एक फाटकाशीच मोठ्यानं बोलायला लागला, "ताई, पैसे देऊन टाका ना, कायले इज्जत घालवता." मी आयकार्ड मागितलं. म्हणे गाडीच्या डिक्कीत आहे. मी म्हटलं, घेऊन या, थांबते. कंपनीचं अधिकारपत्रही मागितलं. दोन्ही नव्हतं. शेजारच्या काकू हातातलं काम टाकून आल्या आणि काही न बोलता माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. माझ्या मुलानं व्हिडिओ सुरू केला तशी ती दोघं निघून गेली. त्या दिवशी डबे चाळीस मिनिटं उशिरा गेले.

दुसऱ्या दिवशी मी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात गेले, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. बायकांना तिथे कायद्याची मदत मोफत मिळते, उत्पन्न किती हे विचारत नाहीत, ही गोष्ट मला डब्याच्या एका मुलीनं सांगितली होती. 15100 हा त्यांचा फोन नंबरही आहे. तिथल्या वकील मॅडमनी सगळं ऐकलं आणि सांगितलं, "आजपासून फोनवर हिशेब बोलायचा नाही. ईमेलवर द्या, एवढंच म्हणायचं आणि फोन ठेवायचा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर वहीत." त्यांनीच सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या किंवा ओळखीच्यांच्या खाजगी आयुष्यात शिरणं, हे सगळं त्यात मना केलेलं आहे. वसुली एजंट कंपनीनं नेमला तरी त्याच्या वागण्याला जबाबदार कंपनीच. आणि एजंटला कोणाला अटक करवता येत नाही. कोर्टाचा कागद असला तर तो कोर्टाकडून, केस नंबरसह येतो, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवर घाबरू नका.

12 फेब्रुवारी 2024 ला मुलानं माझ्या सांगण्यावरून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल लिहिला. या अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो, तळाशी बारीक अक्षरात. दोनच गोष्टी मागितल्या: कर्जाचा पूर्ण खातेउतारा आणि या वसुलीचा आधार. सोबत बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक आणि वहीची पानं.

सहाव्या दिवशी उतारा आला. मी तो स्वयंपाकघरात बसून ओळ ओळ वाचला. बँकेतून कापलेले 11 हप्ते जमा. आणि अगदी शेवटच्या पानावर, "समायोजित न झालेली रक्कम" अशा अर्थाच्या रकान्यात, 7 जून 2023, रुपये 3,590. माझे पैसे त्यांच्याकडेच होते, त्यांच्याच कागदावर. कर्ज क्रमांकाशी ते जोडायचे कोणी कष्ट घेतले नव्हते आणि त्यांच्याच खात्यात पडलेल्या पैशांसाठी ते माझ्या दारात माणसं पाठवत होते. मी ते पान पाचदा पाहिलं. मग मुलाला उठवलं, रात्रीचे बारा वाजले होते.

हे दाखवून पुन्हा लिहिलं, तर तीन ओळींचं उत्तर आलं: थकबाकी भरावी. ते उत्तर घेऊन मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार केली. 12 नोव्हेंबर 2021 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांसाठी एकच योजना आहे. सगळ्याच फायनान्स कंपन्या त्यात येत नाहीत, पण माझी येत होती. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवीच. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुढे जाता येतं. फी काही नाही. तक्रार सीएमएस पोर्टलवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या वेबसाइटवर होते, आणि ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना कागदावर चंदीगडच्या केंद्राकडे पाठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या 14448 या फोन नंबरवर मराठीतही बोलता येतं, मी बोलले. आपल्या संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत आहे, पण या तक्रारीसाठी मला तिथे जावं लागलं नाही. फॉर्म भरायला आम्हाला तासभर लागला, तोही कागद आधीच जुळवून ठेवले होते म्हणून.

मार्चमध्ये तक्रार दाखल झाल्यावर चार दिवसांनी फोन थांबले. एप्रिलमध्ये कंपनीच्या मोठ्या ऑफिसातून एक बाई बोलल्या, व्यवस्थित मराठीत, आणि 9 मे ला एनओसी आणि शून्य बाकीचं पत्र ईमेलवर आलं. 7,590 मधला एक रुपयाही मी भरला नाही. कंपनीनं मागणी मागे घेतल्यावर तक्रार तडजोडीत बंद झाली. त्रासाबद्दल भरपाई मागण्याची सोय त्या योजनेत होती, 1 लाखापर्यंत, पण मला तेव्हा फक्त ते संपायला हवं होतं. आज असतं तर मागितली असती.

एक गोष्ट मागे राहून जाते, ती सांगते. या भानगडीत सिबिलवर, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे, माझ्या नावापुढे थकबाकी लागली होती आणि स्कोअर 768 वरून 641 वर आला होता. एनओसी आली म्हणून तो आपोआप सुधारेल यावर बसू नका. रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो काढा, चुकीच्या नोंदीवर तिथेच हरकत घ्या आणि एनओसी जोडा. 26 एप्रिल 2024 पासूनचा नियम असा की 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाला. माझी नोंद तेविसाव्या दिवशी सुधारली.

फ्रीझर उत्तम चालतो आहे. दुकानाला माझे पाचपैकी चार. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील मॅडमना पाच, त्यांनी माझ्याकडून चहासुद्धा घेतला नाही. कंपनीला एक. एनओसीनंतर मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली: नणंदेच्या नावानं दोन ओळींचं पत्र, की तिच्या वहिनीकडे काही बाकी नव्हतं आणि तिला फोन करणं चुकीचं होतं. तिच्या सासऱ्यांना दाखवायला. मे आणि जुलैमध्ये ईमेल केले, दोन्हींना तक्रार क्रमांक मिळाले. पत्र आलेलं नाही. ते आलं की मी हा एक आकडा बदलेन.