पॅनलला गोल होल मारायची हत्यारं: डब्यावर ‘एम-४२’, आत कार्बन स्टील

कंट्रोल पॅनलच्या कामात होल सॉ (ड्रिलवर फिरणारा, कडेला दात असलेला कप) आणि हायड्रॉलिक पंच (पंपाच्या जोराने पंच शीटमधून खालच्या डायमध्ये ओढून होल पाडणारा) ही रोजची हत्यारं. दोन्ही घेताना आमच्या शॉपची एकाच विक्रेत्याकडून फसवणूक झाली. त्याचं नाव इथे देत नाही. असाच माल निरनिराळ्या डब्यांत, निरनिराळ्या नावांनी बऱ्याच ठिकाणी विकला जातो, त्यामुळे नावापेक्षा माल ओळखता येणं जास्त उपयोगाचं. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या दुकानात घ्या की मोबाइलवर मागवा, तपासायची पद्धत तीच.

माल असा होता. दहा होल सॉंचा संच, १९ ते ६४ मिमी, डब्यावर ‘बाय-मेटल, एम-४२, ८ टक्के कोबाल्ट’. एम-४२ म्हणजे कोबाल्ट घातलेलं, तापलं तरी कडक राहणारं हायस्पीड स्टील. आणि पंचाचा संच, त्यावर ‘८ टन, सर्व धातू, ३.५ मिमीपर्यंत’. विक्रेत्याने फोनवर सांगितलेले साइज: पुश बटणाला २२.५ मिमी, आणि केबल ग्लँडचे (पॅनलमध्ये शिरणारी केबल घट्ट धरून फट बंद करणारा तुकडा) मेट्रिक साइज एम-२५, एम-३२, एम-४०, एम-५०, एम-६३. या वर्णनातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी निघाली.

आधी होल सॉ. २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड माइल्ड स्टील) शीटच्या दरवाज्यावर २२ मिमीचा सॉ लावला. पहिलं होल नीट पडलं. दुसऱ्याला किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. तिसऱ्याला धूर निघाला, दात निळे पडले आणि सॉ शीटवर नुसता घासत राहिला. निळा रंग म्हणजे स्टील तीनशे अंशांच्या आसपास तापलं. खऱ्या हायस्पीड स्टीलला एवढ्या तापमानाने काही होत नाही, ते साडेपाचशे अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही. साधं कार्बन स्टील मात्र दोनशे-अडीचशेच्या पुढे गेलं की मऊ पडतं. एकदा मऊ पडलेला दात पुन्हा धार लावूनही टिकत नाही.

बाय-मेटल म्हणजे काय, ते आधी पक्कं समजून घ्या. सॉचं अंग लवचिक स्प्रिंग स्टीलचं असतं आणि दातांच्या कडेला हायस्पीड स्टीलची पट्टी इलेक्ट्रॉन बीमने जोडलेली असते. दात कडक, अंग चिवट. त्यामुळे दात झिजत नाहीत आणि अंग तडकत नाही. ही जोडाची रेघ दातांच्या बुडाशी दिसायला हवी. आमच्या सॉवर तिथपर्यंत जाड लाल रंग होता. थिनरने रंग काढला तर खाली रेघच नाही, एकाच पट्टीतून दात कापलेले.

रेघ दिसली तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण ओरखडा मारून खोटी रेघ काढता येते. बेंच ग्राइंडरवर ठिणग्यांची परीक्षा घ्या. डोळ्यांना गॉगल, हातमोजे काढलेले. आधी एक जुनी कानस चाकाला लावा. कानस हाय कार्बन स्टीलची असते, तिच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, भरपूर आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. मग चांगल्या कंपनीचा तुटलेला हायस्पीड ड्रिल लावा. ठिणग्या कमी, मंद लालसर-नारिंगी, आणि फुटत जवळजवळ नाहीत. आता सॉचा एक दात हलकेच टेकवा, मग सॉचं अंग टेकवा. खऱ्या बाय-मेटलमध्ये दाताच्या आणि अंगाच्या ठिणग्या वेगळ्या दिसतात. आमच्या सॉच्या दोन्हीकडच्या ठिणग्या सारख्याच होत्या, थेट कानशीसारख्या. दातावर नुसती कानस फिरवून बघण्यावर मात्र विसंबू नका. कडक केलेल्या कार्बन स्टीलवरूनही कानस घसरते, आणि विक्रेता काउंटरवर नेमकं तेच करून दाखवतो.

ठिणग्यांवरून हायस्पीड आहे की नाही एवढंच कळतं. त्यात ८ टक्के कोबाल्ट आहे का, म्हणजे खरोखर एम-४२ आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पीएमआय टेस्ट (यंत्राने धातूतले घटक ओळखायची चाचणी) करावी लागते. मोठी ऑर्डर असेल तर एक नमुना लॅबला पाठवायचा खर्च अगदी रास्त आहे.

तक्रार केली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘तुम्ही आरपीएम जास्त ठेवला.’ हे उत्तर कधी कधी खरंही असतं. एकाच स्पीडची, २८०० आरपीएमची हँड ड्रिल वापरली तर अस्सल सॉही दोन होलांत जळतो. म्हणून स्वतःची बाजू आधी भक्कम ठेवा. २२ मिमी सॉला माइल्ड स्टीलमध्ये ३९०, एसएसमध्ये (स्टेनलेस स्टील) १९५ आरपीएम. ३२ मिमीला २७५ आणि १४०. ५१ मिमीला १७० आणि ८५. साइज वाढला की स्पीड उतरवायचा, आणि एसएसला माइल्ड स्टीलच्या निम्मा. कटिंग ऑइल सतत हवं. एसएसवर दाब सलग ठेवायचा. सॉ नुसता घासला तर तिथला पृष्ठभाग कडक होतो आणि पुढे कोणताही दात चालत नाही. आमचं होल पुलीच्या ड्रिल मशीनवर, सर्वांत खालच्या स्पीडला, ऑइल लावून पाडलं होतं. दुसरा सॉ लावताना आरपीएम मोजण्यापासून दात निळे पडेपर्यंतचा व्हिडिओ सलग काढला. पुढे तोच कामाला आला.

संचातल्या आर्बरकडेही (सॉ ड्रिलला जोडणारा दांडा) बघा. साधारणपणे ३० मिमीपर्यंतच्या सॉला अर्धा इंची आटे आणि ३२ मिमीपासून पुढे पाच अष्टमांश इंची आटे, सोबत दोन ड्राइव्ह पिना. आमच्या मोठ्या आर्बरच्या पिना सॉच्या भोकांत इतक्या ढिल्या होत्या की ५१ मिमीचा सॉ सुरू करताच डोलत होता. असा सॉ डोलला की होल मोठं आणि लंबगोल पडतं, मग त्यावर ग्लँडचं सील नीट बसत नाही.

पंचाची फसवणूक जास्त महागात पडली, कारण ती डाय बसवेपर्यंत दिसली नाही. व्हर्नियर लावून पंच मोजले: २२, २७.५, ३४, ४३, ४९, ६१. हे मेट्रिक ग्लँडचे साइज नाहीत. अर्ध्या इंचापासून दोन इंचापर्यंतच्या पाइपांच्या बाहेरच्या व्यासाला लागणारी ही भोकं आहेत. पाइपवाल्याला हा संच चालेल. पॅनलवाल्याच्या तो कामाचा नाही, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होतं.

कामात याचा अर्थ काय होतो ते बघा. २२ मिमीच्या पुश बटणाला होल २२.३ ते २२.७ लागतं. २२ च्या पंचाचं होल प्रत्येक वेळी कानशीने वाढवावं लागतं, आणि कानस लागली की पावडर कोटिंगची कड उडते, तिथून गंज धरतो. एम-२५ ग्लँडला साधारण २५.५ हवं, पंच २७.५ चा. ग्लँड एका बाजूला सरकतो, वॉशरखाली फट राहते, आयपी-६५ म्हणजे धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. एम-३२ ला ३२.५ हवं, पडतं ३४. एम-४० ला ४०.५ हवं, पडतं ४३. एम-५० चा ग्लँड ४९ च्या होलात जातच नाही, एम-६३ चा ६१ मध्ये जात नाही. म्हणजे सहापैकी एकही पंच सांगितलेल्या कामाचा नव्हता. घेताना ‘एम-२५ साठी आहे का’ असं विचारू नका. प्रत्येक पंच बाहेर काढून व्हर्नियरने मोजा, आणि हवे असलेले आकडे कागदावर घेऊन जा: १६.५, २०.५, २२.५, २५.५, ३२.५, ४०.५, ५०.५, ६३.५.

आता ‘८ टन, ३.५ मिमी’. हे गणित कुणालाही कागदावर करता येतं. व्यास गुणिले ३.१४ गुणिले शीटची जाडी गुणिले शिअर स्ट्रेंग्थ (धातू कातरायला लागणारा जोर). माइल्ड स्टीलला ही स्ट्रेंग्थ दर चौरस मिमीला ३५० न्यूटन धरा. २२.५ चं होल २ मिमी शीटला: साधारण ५ टन. ६१ चं होल ३ मिमी ग्लँड प्लेटला: साधारण २० टन. पंचाची धार उतरती असते, पूर्ण परीघ एकदम कापला जात नाही, म्हणून प्रत्यक्षात जोर बराच कमी लागतो. पण निम्मा धरला तरी १० टन होतात. म्हणजे ८ टनांचा पंप सर्वांत मोठ्या डायला ३ मिमीलाच अपुरा, ३.५ ची आणि ‘सर्व धातूं’ची गोष्टच सोडा. एसएस ३०४ ची स्ट्रेंग्थ माइल्ड स्टीलच्या जवळपास दीडपट. चांगले उत्पादक साध्या डायसाठी एसएसची मर्यादा माइल्ड स्टीलच्या निम्मी छापतात. ‘सर्व धातू’ असा शब्द दिसला की तिथेच थांबा आणि एसएससाठी वेगळा आकडा मागा.

यातली धोक्याची वस्तू म्हणजे स्टड, पंचाला डायकडे ओढणारा आट्यांचा दांडा. लहान पंचांना तीन अष्टमांश इंची स्टड असतो. त्याच्या आट्यांपाशी ताण घेणारं क्षेत्र अवघं ५० चौरस मिमी. तो १२.९ या अतिमजबूत बोल्टच्या ग्रेडचा असला तरी साधारण ६ टनांना तुटतो, आणि पंप ८ टनांचा. संचातल्या स्टडवर कानस सहज चावत होती, म्हणजे तो बहुधा कडक केलेलाच नव्हता. चाळीसेक होलांनंतर थ्रेड गेज (आट्यांचं अंतर तपासायची दातेरी पट्टी) त्याच्या आट्यांत बसेना. स्टड ताणला गेला होता. असा स्टड पुढे तुटतो आणि तुकडा सुटतो. म्हणून पंप मारताना स्टडच्या रेषेत उभं राहू नका, दर आठवड्याला थ्रेड गेज लावा, आणि गेज बसला नाही तर स्टड त्याच दिवशी फेका.

पंच-डाय चांगली आहे की नाही, हे आत पडलेली चकती सांगते. ती फेकू नका, उजेडात कड धरा. चांगल्या पंचाच्या चकतीच्या कडेला साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत चकचकीत पट्टा दिसतो आणि उरलेला भाग खरखरीत राखाडी, तुटल्यासारखा. पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. आमच्या चकतीला एका बाजूला पट्टा रुंद, समोरच्या बाजूला जवळजवळ नाहीच, आणि तिथेच नखाला लागेल एवढी बर (धारदार कंगोरा). म्हणजे पंच डायच्या मध्यात उतरत नव्हता. पंच आणि डायमधली फट दर बाजूला शीटच्या जाडीच्या ५ ते १० टक्के असावी. १.६ मिमी शीटला ती मिमीच्या दहाव्या भागाच्या आसपास येते. इथे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) एका बाजूला ०.४ ची पट्टी घेत होता, दुसऱ्या बाजूला ०.०५ चीही नाही.

स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचा निमुळता ड्रिल) आम्ही त्या विक्रेत्याकडून घेतला नाही, पण फसवणूक तिथेही होते. सोनेरी रंगाला ‘टायटॅनियम’ म्हणतात. खरं टायटॅनियम नायट्राइड कोटिंग थिनरने जात नाही आणि चाकूच्या टोकाने खरवडलं जात नाही. रंग निघाला तर ते पाणी चढवलेलं आहे. ४ ते ३२ च्या नेहमीच्या स्टेप ड्रिलला पायऱ्या २-२ मिमीच्या असतात, त्यात २० आणि २२ असतात, २०.५ आणि २२.५ नसतात. ग्लँडसाठीच्या पायऱ्यांचा ड्रिल वेगळा मिळतो, तोच मागा. पायरीची उंची शीटच्या जाडीपेक्षा जास्त हवी, नाहीतर एक पायरी संपायच्या आत पुढची लागते. एसएसवर सतत काम असेल तर कार्बाइड टिपचा कटर घ्या. टिप राखाडी असते आणि तिच्याखाली ब्रेझिंगची (टिप जोडणाऱ्या डाखाची) पिवळसर रेघ स्पष्ट दिसते. ती रेघ नसेल तर टिप नाहीच, अंगालाच घासून धार काढली आहे.

बिलाबाबत. आयात मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि महिना-वर्ष असणं कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या दोन्ही डब्यांवर आयातदार नव्हता, आणि तेवढ्यावरच माल परत करायला हवा होता. ऑनलाइन घेतलं असेल तर पोर्टलच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण व्यवसायासाठी माल घेणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक कायद्यात ‘ग्राहक’ मानत नाहीत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून हत्यार घेणाऱ्या वायरमनला मात्र ते संरक्षण आहे. कारखान्याच्या नावाने बिल घेतलं की हा रस्ता बहुतेक बंद होतो, मग बिलावर काय लिहिलंय तेवढंच हातात राहतं.

होल सॉच्या बिलावर ‘बाय-मेटल एम-४२’ असं लिहिलेलं होतं. व्हिडिओ आणि ठिणग्यांचे फोटो पाठवल्यावर त्याचे पूर्ण पैसे परत आले. पंचाच्या बिलावर फक्त ‘हायड्रॉलिक किट, १ नग’ एवढंच होतं. साइज फोनवर सांगितले होते. त्याचे पैसे आले नाहीत.