मिफुने की नाकादाई? आधी कोणाला बघायचं

‘शोगुन’ची २०२४ची मालिका बघून झाल्यावर एका मैत्रिणीनं विचारलं, “आता जुने जपानी सिनेमे बघायचेत. एकाच नटाला धरून बघत जाते. कोणाला धरू?” मालिकेत हिरोयुकी सानादानं केलेला तोरानागा १९८०च्या अमेरिकी मालिकेत तोशिरो मिफुनेनं केला होता, त्यामुळे तिच्या मनात मिफुनेच होता. मी तात्सुया नाकादाईचं नाव काढलं आणि तिचा गोंधळ वाढवला. तो निस्तरायची जबाबदारी माझीच.

दोघांमध्ये बारा वर्षांचं अंतर. मिफुनेचा जन्म १९२०चा, तोही चीनमधल्या छिंगताओ शहरात. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. युद्धात तो विमानातून फोटो काढणाऱ्या तुकडीत होता, आणि युद्ध संपल्यावर तोहो या फिल्म स्टुडिओत गेला तो कॅमेरा विभागात काही काम मिळतं का बघायला. झालं भलतंच: तो नव्या नटांच्या निवड चाचणीत जाऊन उभा राहिला. राग करून दाखव म्हटल्यावर त्यानं असा काही थयथयाट केला, की परीक्षकांना तो उद्धट वाटला. अभिनेत्री हिदेको ताकामिनेनं दिग्दर्शक अकिरा कुरोसावाला मुद्दाम बोलावून आणलं आणि कुरोसावा बघतच राहिला. १९४८ ते १९६५ या काळात दोघांनी मिळून सोळा चित्रपट केले.

नाकादाई १९३२चा, तोक्योचा. लहानपणी वडील गेले, घरी गरिबी. हाइयुझा या नाटकमंडळीच्या शाळेत तो रीतसर शिकला. ‘सेव्हन सामुराय’मध्ये तो दिसतो, पण डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं: गावातून चालत जाणारा एक सामुराय, चार-दोन सेकंद. तेवढ्या चालण्यासाठी कुरोसावानं त्याला अर्धा दिवस पुनःपुन्हा चालायला लावलं. तो अपमान त्याच्या इतका मनात बसला, की पुढे ‘योजिम्बो’साठी विचारणा झाली तेव्हा आधी त्यानं नकारच दिला.

एक हौशी, एक शिकलेला, असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. मिफुने घोटून काम करणारा नट होता. फरक आहे तो वेगाचा. कुरोसावानं आत्मचरित्रात लिहिलंय, की जी भावना पोचवायला इतर जपानी नटांना दहा फूट फिल्म लागायची, ती मिफुने तीन फुटांत पोचवायचा. ‘राशोमोन’मधल्या दरोडेखोरासाठी त्यांनी सिंहाच्या चालीचा नमुना घेतला होता, आणि ते दिसतं. ‘थ्रोन ऑफ ब्लड’च्या शेवटी त्याच्यावर बाणांचा वर्षाव होतो, त्यातले बरेचसे बाण खरे होते, खऱ्या तिरंदाजांनी सोडलेले. आपण कुठल्या बाजूला सरकणार हे तो हात हलवून त्यांना कळवायचा. त्या चेहऱ्यावरची भीती पाहताना हे लक्षात ठेवा.

पण मला त्याचा सगळ्यात आवडता प्रसंग मारामारीचा नाही. ‘सेव्हन सामुराय’मध्ये त्याचा किकुचियो गावकऱ्यांनी लपवलेली चिलखतं शोधून आणतो. ती पडलेल्या, पळालेल्या सामुरायांची आहेत हे ओळखून बाकीचे सहा जण थंड पडतात. मग हा सुटतो. शेतकरी म्हणजे कंजूष, लबाड, रडतराऊत, खुनी, असा पाढा वाचतो आणि मग विचारतो, त्यांना असं केलं कोणी? तुम्हीच! बोलता बोलता हा स्वतः शेतकऱ्याच्या पोटचा आहे हे आपल्याला कळतं. ओरडणारा माणूस शेवटी मटकन खाली बसतो. मोठमोठ्यानं हसवणाऱ्या भूमिकेत ही जागा काढणं सोपं नाही.

नाकादाईचं उलट. तो काही सांगत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे झुकावं लागतं. मासाकी कोबायाशीचा ‘हाराकिरी’ (१९६२) घ्या. बेकार झालेला एक सामुराय एका सरदाराच्या वाड्यावर येतो आणि पोट चिरून घ्यायला अंगण मागतो. मग पांढऱ्या आसनावर बसून गोष्ट सांगायला लागतो. बराच वेळ एवढंच. खर्जातला, कोरडा आवाज आणि न मिटणारे डोळे. नातवाचा आजोबा असलेला हा माणूस नाकादाईनं तिशी गाठण्याआधी केलाय. कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. मला विचाराल तर दोघांच्या मिळून सगळ्या कामात हे पहिलं.

पुढे कुरोसावाच्या ‘रान’मध्ये (१९८५) बावन्नाव्या वर्षी त्यानं सत्तरीचा हिदेतोरा केला. गोष्ट किंग लिअरची, म्हणजे ‘नटसम्राट’वर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला घरचीच. फक्त इथला म्हातारा बिचारा नाही, त्यानं आयुष्यभर कत्तली केल्यात. फुजीच्या उतारावर बांधलेला किल्ला खरोखर पेटवून दिला होता आणि त्यातून नाकादाईला एकाच टेकमध्ये पायऱ्या उतरून यायचं होतं. अडखळला असता तर दुसरा किल्ला नव्हता.

आता उणं. ‘रेड बियर्ड’नंतर (१९६५) मिफुने आणि कुरोसावा यांची वाट वेगळी झाली. या चित्रपटासाठी मिफुनेला व्हेनिसला उत्तम अभिनेत्याचं बक्षीस मिळालं होतं, ‘योजिम्बो’नंतर दुसऱ्यांदा. पण स्वतःची निर्मितीसंस्था काढून बसलेला माणूस, येईल ते काम घेण्याकडे कल झाला. हॉलिवूडच्या ‘मिडवे’मध्ये (१९७६) तर त्याचा आवाजही दुसऱ्याचा आहे. ‘शोगुन’ मालिका त्याला जगभर घेऊन गेली, पण त्याच्या उत्तम कामात मी ती धरणार नाही. नाकादाई कुठल्याच स्टुडिओच्या पक्क्या करारात अडकला नाही, नाटक कधी सोडलं नाही आणि १९७५मध्ये बायकोबरोबर ‘मुमेइजुकु’ ही अभिनयशाळा काढली. नट कोजी याकुशो तिथलाच. १९७२मध्ये एनएचके या जपानी वाहिनीच्या वर्षभर चालणाऱ्या ऐतिहासिक मालिकेत तो कियोमोरी हा सरदार होता. नोव्हेंबर २०२५मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी तो गेला. मिफुने १९९७मध्येच गेला होता. मात्र नाकादाईची रंगभूमी कधीकधी पडद्यावर सांडते. ‘रान’मधला रंगवलेला चेहरा आणि वटारलेले डोळे काहींना जड जातात, हे आधीच सांगितलेलं बरं.

तर बघायचं कसं? मैत्रिणीला रात्री जेवणं उरकल्यावर जेमतेम दोन तास मिळतात. तिला म्हटलं, ‘योजिम्बो’पासून (१९६१) सुरू कर. एक तास पन्नास मिनिटं, आणि दोघंही त्यात आहेत. मिफुने खांदे उडवत, अंग खाजवत, धूळभरल्या गावात शिरतो आणि पडदा ताब्यात घेतो. बऱ्याच वेळानं नाकादाई येतो: गळ्यात चौकड्याचा मफलर, किमोनोच्या आत पिस्तूल, आणि ओठांवर गोड हसू. तुझे डोळे कोणाच्या मागे जातात ते बघ.

मिफुनेच्या मागे गेले, तर ‘सेव्हन सामुराय’. साडेतीन तासांच्या आसपास आहे, पण मध्ये मध्यंतर आहे, दोन रात्रींत वाटून घेता येतो. मग ‘हाय अँड लो’ (१९६३). यात तलवारी नाहीत. मिफुने बुटांच्या कंपनीतला बडा माणूस आहे, आणि अर्धा चित्रपट झाला की गोष्ट तपास करणाऱ्या नाकादाईच्या हातात जाते. नाकादाईच्या मागे गेले, तर सरळ ‘हाराकिरी’. त्यानंतर मिकिओ नारुसेचा ‘व्हेन अ वुमन असेंड्स द स्टेअर्स’ (१९६०), तोक्योच्या गिन्झा भागातल्या बारचा मॅनेजर म्हणून, म्हणजे तो सामुरायाच्या वेषाबाहेर किती वेगळा दिसतो ते कळेल. मग ‘रान’. साडेनऊ तासांचा ‘द ह्यूमन कंडिशन’ दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेव. आणि ‘सामुराय रिबेलियन’ (१९६७) कुठल्याही वाटेनं गेलीस तरी चुकवू नकोस, त्यात दोघं मित्र आहेत आणि एकमेकांवर तलवार उपसायची वेळ येते.

रविवारी रात्री तिनं ‘योजिम्बो’ लावला. सोमवारी सकाळी मेसेज: “मिफुने झकासच. पण तो मफलरवाला अजून कशाकशात आहे?”