सोप्यातला सोफा: बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कुठला टिकतो

आपल्याकडे सोप्यातल्या, म्हणजे बैठकीच्या खोलीतल्या, सोफ्यासाठी तीन वाटा आहेत. शोरूममधला गुबगुबीत तयार सोफा, सुताराकडून करून घेतलेला लाकडी चौकटीचा सोफा आणि लोखंडी पाइपचा सोफा. पैसा बेताचा असेल तर लाकडी चौकट आणि सुट्ट्या गाद्या हाच सौदा सगळ्यात चांगला. चौकट नीट झाली तर वीस वर्षं हलत नाही. गाद्या पाच-सात वर्षांत बसतातच, पण सुट्ट्या असल्या की फक्त फोम बदलून काम भागतं. शोरूमच्या सोफ्यात चौकट, पट्टे, फोम आणि कापड एकमेकांवर ठोकून बसवलेलं असतं, त्यामुळे एक गेलं की सगळं उसवावं लागतं.

आधी लाकूड. इथल्या वखारीत नावं बरीचशी कानडी चालतात, ती कळली नाहीत तर फसगत होते. मत्ती म्हणजे आपला ऐन, होन्ने म्हणजे बिबळा, हलसू म्हणजे फणस, जंबे म्हणजे जांभा. साग परवडत असेल तर प्रश्नच नाही. दांडेलीला वनखात्याचा लाकूड डेपो आहे, तिथल्या लिलावातला साग या भागात येतो. पण सागाच्या वाहतुकीला परवाना लागतो, म्हणून बिलाशिवायचा ‘स्वस्त साग’ घेऊ नका. साग नको असेल तर बिबळा किंवा फणस घ्या. फणसाचा पिवळा रंग काही वर्षांत तपकिरी होतो आणि फार सुंदर दिसतो. ऐन मजबूत असतो, पण नीट वाळलेला नसला तर पिळतो आणि तडकतो.

पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब मिळाले तर जरूर बघा. ते लाकूड पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं. फक्त आत राहिलेले खिळे रंधा-मशिनचं पातं मोडतात, त्यामुळे सुतार तासणीचे पैसे जास्त मागतो, आणि ते रास्त आहे. तुळईवर हातोडीने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आत वाळवी फिरून गेलेली असते.

कुठलंही लाकूड असो, पांढरट कड काढून टाकायला सांगा. साल आणि गाभा यांच्यामधला हा भाग भुंगा आधी खातो. सोफ्याखाली पिठासारखा भुगा पडायला लागला, की दहातल्या नऊ वेळा पांढरी कड तशीच ठेवलेली असते.

वखारीत भाव घनफुटावर असतो. हिशेब सोपा आहे: रुंदी इंचात, जाडी इंचात आणि लांबी फुटात घेऊन तिन्हींचा गुणाकार करायचा आणि १४४ ने भागायचं. ४ इंच रुंद, दीड इंच जाड, ६ फूट लांब पट्टी म्हणजे पाव घनफूट. मापं कागदावर लिहून न्या, म्हणजे सुताराच्या अंदाजावर अवलंबून राहावं लागत नाही.

आता सांधे, कारण सोफा मोडतो तो इथेच. पुढचा पाय आणि बैठकीची आडवी पट्टी जिथे जोडतात, तिथे पायात चौकोनी भोक पाडून पट्टीचं टोक आत बसवलेलं हवं. ते टोक निदान सव्वा इंच आत गेलं पाहिजे. नुसता स्क्रू आणि फेव्हिकॉल वर्षभरात खुळखुळतो. शिवाय पॉलिशच्या आधी चौकट बघायला जा. पॉलिश झालं की सांध्यातली फट लांबीखाली, म्हणजे पुट्टीखाली, लपते.

बैठकीला प्लाय लावावा की पट्ट्या? खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात पट्ट्याच. अडीच इंची पट्ट्या, मध्ये दीड-दोन इंच फट. सलग प्लाय असला की गादीखाली हवा जात नाही आणि श्रावणापर्यंत बुरशीचा वास येतो. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत ही अडचण नाही. तिथे उलट उन्हाळ्यात लाकूड आकसून सांधे सैल होतात, म्हणून वाळलेल्या लाकडाचा आग्रह तिथे जास्त धरा.

पायाचा तळ हमखास विसरला जातो. तिथे लाकडाची कापलेली टोकं उघडी असतात आणि फरशी पुसताना ती पाणी ओढून घेतात. तळाला पॉलिशचे दोन हात आणि खाली रबरी बूट, एवढं केलं तरी पाय कुजत नाही. पार्टिकल बोर्डाचे टीव्ही युनिट आणि टीपॉय याच कारणाने खालून फुगतात. फुगलेला बोर्ड परत बसत नाही. असल्या वस्तू स्वस्त वाटल्या तरी घेऊ नयेत. प्लाय घ्यायचा तर त्यावर आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का आणि बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा प्लाय) ही खूण बघा.

फोममध्ये सर्वात जास्त फसवणूक होते, आणि ती घरच्या वजनकाट्यावर पकडता येते. २२ बाय २२ इंच, ५ इंच जाड गादीतला फोम चेन उघडून बाहेर काढा आणि तोला. ४० डेन्सिटीचा (म्हणजे घनमीटरला ४० किलो) असेल तर साधारण १ किलो ६०० ग्रॅम भरतो, ३२ चा पावणेतेराशे ग्रॅमच्या आसपास, २८ चा १ किलो १०० ग्रॅम. बैठकीला ४०, पाठीला २८ किंवा ३२ पुरतो. घरात म्हातारी माणसं असतील तर बैठकीची उंची गादीसकट १८ इंच ठेवा, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार येत नाही.

शोरूमचाच घ्यायचा असेल तर तो उलटा करून दाखवायला सांगा. खालचं काळं कापड थोडं उचकटलं की आतलं लाकूड दिसतं. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन असेल तर तिथूनच परत फिरा. पुढचा एक पाय अर्धा फूट उचला, दुसरा पुढचा पाय लगेच वर आला नाही तर चौकट पिळते आहे. रेग्झीन टाळा, दमट हवेत त्याचे पापुद्रे निघतात. जाड विणीचं कापड घ्या.

एल आकाराच्या सोफ्याबद्दल एक सूचना. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत दरवाजा आणि बोळ आधी मोजा. गणपतीत आरास मांडायला सोपा रिकामा करावा लागतो, तेव्हा तीन सीटचा एक आणि एकेक सीटचे दोन असा संच दोन माणसं सहज हलवतात.

लोखंडी सोफा भाड्याच्या घराला किंवा क्लिनिकच्या बाकड्यांना ठीक. पाइप १६ गेजचा घ्या, १८ चा पातळ असतो, बसल्यावर लवतो. वेल्डिंग सगळ्या बाजूंनी फिरवलेलं हवं, नुसते टाके नकोत.

निपाणीकरांना कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. तयार माल कोल्हापुरातून आणायला हरकत नाही, पण दुरुस्तीला माणूस निपाणीपर्यंत येतो का आणि गाडीभाडं कोणाचं, हे बिलावर लिहून घ्या. सुताराचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये सांगा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लॅकर पॉलिश मारलं तर ते पांढरट पडतं, आणि मग खरवडून पुन्हा मारावं लागतं.