रात्री पेशंट कुठं न्यायचा, तालुक्याला की सरळ जिल्ह्याला?

दोन्हीकडे नेऊन पाहिलंय म्हणून लिहितो. गावात रात्री कोणाला काही झालं की चौकात सल्ला ठरलेला, "तालुक्याले नका जाऊ बाप्पा, तिथं रेफरच करतात." मीपण तेच मानायचो.

बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा गाडी करून सरळ जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले, मशिनी सगळ्या, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण केसपेपरची खिडकी एकच, त्या लाइनीत ताप-खोकलावाले, पट्टी बदलायला आलेले, ओपीडी हुकली म्हणून इकडं आलेले आणि त्यांच्या मागं मी, अन् बाबा बाकावर शर्टाची बटणं उघडून बसलेले. भिंतीवर लाल-पिवळे-हिरवे पट्टे होते, लाल म्हणजे आधी घ्यायचा, हिरवा म्हणजे थांबू शकतो, पण कोणता पेशंट कोणत्या पट्ट्याचा हे बघणारं माणूसच तिथं नाही, डोकं तिथंच फिरलं. आत गेलो तर तपासून झालेले लोकंही स्ट्रेचरवरच, कारण वर वॉर्डात बेड खाली नाही, मग नवीन माणसाला जागा होणार कुठून? (बाबांची ॲसिडिटी निघाली, तो भाग वेगळा.)

पुढं सोयाबीन सोंगताना चुलतभावाला धुऱ्यावर साप चावला, तेव्हा तालुक्याच्या 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. सिस्टरनं दारातच पाय पाहिला, आत घेतलं, केसपेपर नंतर. काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं, गोठलं नाही, म्हणजे घोणस नाहीतर फुरसं, लगेच सलाईनमधून सापाचं औषध चालू. मग रेफर केलंच, ते खरं, पण 108 मध्ये सोबत डॉक्टर, हातात चिठ्ठी, अन् जिल्ह्याला गेल्यावर लाइन नाही काही नाही, सरळ आत.

तालुक्याला रात्री डॉक्टर एखादाच असतो, तो डिलिव्हरीत अडकला की बसा, हेही भोगलंय. डोक्याला मार असेल, लकवा असेल तर सीटी स्कॅन आहे तिथंच पळा, लकव्यात गुठळी विरघळायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. बाकी साप, विंचू, फवारणीची विषबाधा, दम्याचा अटॅक, यात तुमचं तुम्ही ठरवा, तुमच्या तालुक्याचं मला माहीत नाही, पण मी तरी आता आधी तालुक्यालाच वळतो. चौकातले हसतात, हसू दे. तिथल्या ड्युटी रूमचा नंबर मोबाईलात सेव्ह आहे, निघायच्या आधी एक फोन करतो, डॉक्टर हाये का म्हणून.