युरोपात फराळ विकायचाय, मग गाळा बर्मिंगहॅमला घ्यावा की बेलफास्टला?

मी दोन्हीकडे धंदा करून बघितलाय, आधी बर्मिंगहॅमजवळच्या गाळ्यात अन् आता बेलफास्टला, म्हणून एकदाच लिहून टाकतो. ब्रेक्झिटनंतर 2021 पासून ब्रिटनमध्ये बनलेल्या मालावर युरोपात आयात शुल्क शून्य आहे हे माहितीच असेल (भारतातला मसाला नुसतं पाकीट बदलून पुढे पाठवलात तर मात्र ती सवलत नाही). शुल्काने माझं काही बिघडलं नाही हो, जीव काढला तो कागदांनी.

भडंग, तेलात तळलेली चकली, यांचं बर्मिंगहॅमहून फारसं अडत नाही. कस्टम्सचं डिक्लेरेशन, पाकिटावर युरोपातल्या आयातदाराचा पत्ता, खर्च वाढतो पण एकदा घडी बसली की चालतं. माझं डोकं फिरवलं ते बेसनाच्या लाडवाने. लाडवात तूप, म्हणजे दूध आलं, आणि दूध-मांस म्हटलं की तिकडचे नियम एकदम कडक. मग लाडू हा बिस्किटासारखा गोड खाऊ की दूध घातलेला मिश्र पदार्थ? एक एजंट म्हणाला आयातदाराचं हमीपत्र पुरे, दुसरा म्हणाला व्हेटची सही लागेल. गुरांचा डॉक्टर, लाडवाला! दिवाळीच्या आधी आठवडाभर नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला निघालेलं खोकं अडकलं, मी फोनवर बेसन म्हणजे काय ते समजावत बसलो, आणि लाडू पोचले तेव्हा तुळशीची लग्नं उरकली होती. कडक नियमही पाळला असता, पण नेमका कुठला लागू होणार हे दर खेपेला नव्याने ठरायचं.

बेलफास्टला हा प्रश्नच येत नाही, कारण बेलफास्ट ज्यात येतं ते उत्तर आयर्लंड यूकेचा भाग असूनही वस्तूंपुरतं अजून युरोपच्या बाजारात धरतात. आमच्या बाजूचं न्यूरी सोडून सीमेपलीकडे आयर्लंड देशातल्या (तो युरोपीय संघात आहे) डंडॉककडे निघालं की पाट्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येतात, एवढंच काय ते कळतं, गाडी थांबवून लाडवाची जात विचारायला कुणी नसतं. पाकिटावर इथलाच पत्ता चालतो आणि तोच माल लेस्टर-लंडनलाही जातो.

खोट आहेच. इंग्लंडातल्या होलसेलवाल्याकडून सामान मागवलं आणि ते पुढे युरोपात जाणार असलं की रेड लेन, म्हणजे पूर्ण तपासणीची रांग, सगळे कागद. 2023 च्या विंडसर फ्रेमवर्कमधली (उत्तर आयर्लंडच्या व्यापारावरचा ब्रिटन-युरोपचा करार) कमी कागदांची ग्रीन लेन उत्तर आयर्लंडातच खपणाऱ्या मालासाठी आहे. म्हणून मी बेसन डब्लिनहून आणतो, जरा महाग पडतं, आणि तूप आयरिश लोण्याचं स्वतः कढवतो (भारतातून तूप आणायचा मोह आवरा, आपल्या दुधाच्या पदार्थांना युरोपात परवानगी नाही). सरळ डब्लिनलाच का नाही गेलो? माझ्याकडे ब्रिटनचं आयएलआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, त्यावर तिकडे धंदा करता येत नाही. तुमच्याकडे आयर्लंडचे कागद असतील तर बघा बापडे.

मे 2025 मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ या दोन्ही बाजूंनी खाण्यापिण्याच्या मालासाठी वेगळा करार करायचं ठरवलं, तो नीट अमलात आला तर बर्मिंगहॅमची कटकट बरीच कमी होईल, त्यामुळे गिऱ्हाईक मुख्यतः इंग्लंडातलंच असेल किंवा नुसती भडंग-चकली विकत असाल तर गाळा हलवायची घाई मी तरी करणार नाही. पण यादीत लाडू असतील अन् ते दिवाळीच्या आधीच पोचायला हवे असतील, तर एकदा बेलफास्टची भाडी विचारून बघा.